आमचे चाळीस किलोचे साडू

आमचे साडू डंबेल उचलतात तेव्हा सगळ्यात आधी त्यांचं तोंड उघडतं. मग भुवया वर जातात, मग पोट पुढे येतं, मग कंबर मागे जाते, आणि बाकी सगळ्यांची कामं आटोपल्यावर शेवटी हात हलतो. ज्या अवयवासाठी हा व्यायाम असतो त्याच्या वाट्याला फारसं काही उरत नाही.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे मी त्यांच्याबद्दल चार चांगल्या गोष्टीही लिहीन, असं वाचणाऱ्याला वाटायला नको. शोधीन, पण सापडतीलच असं नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वयाने माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, म्हणजे चौसष्टचे; पण थोरल्या बहिणीचे नवरे म्हणून मानाने मोठे. ही मोठेपणाची जागा त्यांनी लग्नाच्या मांडवातच ताब्यात घेतली आणि आजतागायत सोडलेली नाही. ते मला ‘साडूभाऊ’ म्हणतात. मी त्यांना काहीच म्हणत नाही. चाळीस वर्षं ‘अहो’वर भागवलं आहे.

ते पंख्यांच्या कंपनीत विक्रीला होते. ‘अख्खा विभाग माझ्या हाताखाली होता’, असं ते सांगतात. तो विभाग मी पाहिला आहे. एक टेबल, एक स्कूटर आणि तीन माणसं. तीन माणसांत तेही धरलेले.

मी पाण्याच्या टाक्यांचे नकाशे काढायचो. आमच्या प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात तीन चौकटी असत: ‘काढणार’, ‘तपासणार’ आणि ‘मंजूर’. चौतीस वर्षं माझी सही पहिल्या चौकटीत होती. दुसरीत सही करायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. आली असती तर ती कशी टाळायची, याचा विचार मात्र मी अधूनमधून करून ठेवत असे.

असा माणूस साडूंना फार सोयीचा होता. त्यांना बढाई मारायला साक्षीदार लागतो, आणि नातेवाइकांत इतका स्वस्त साक्षीदार दुसरा नव्हता. गोष्ट सांगून झाली की ते माझ्याकडे वळत आणि म्हणत, “विचारा आमच्या साडूभाऊंना! होते ना बरोबर! काय हो?” मी मान हलवायचो. एकदा त्यांनी चारशे किलोमीटर गाडी पाच तासांत नेली, ही त्यांची आवडती गोष्ट. मी मागच्या सीटवर होतो. नऊ तास लागले होते, आणि मध्ये दोनदा गाडी थांबवून रस्त्याच्या कडेला ओकलेले गृहस्थ स्वतः साडूच होते. तरी चाळीस वर्षांत ही गोष्ट वीस-पंचवीस वेळा तरी सांगून झाली असेल, आणि तितक्याच वेळा मी मान हलवली असेल. त्यांच्याबद्दल मला जी काही घृणा आहे तिच्यातला निम्मा वाटा माझा मला घ्यावा लागेल, हे मी जाणतो.

दोघी बहिणींनी मागच्या वर्षी आम्हा दोघांची नावं जिममध्ये घातली. माझ्या मनगटात ताकद राहिलेली नव्हती, बरणीचं झाकण उघडेना. साडूंना काही झालेलं नव्हतं, पण ते दिवसभर घरात असत, आणि ताईंना, म्हणजे माझ्या मेव्हणीला, हेच दुखणं पुरेसं होतं.

जिम टाइल्सच्या दुकानाच्या वर आहे. जिना अरुंद, वर गेल्यावर रबराचा वास, आणि तिन्ही भिंतींना छतापर्यंत आरसे. पहाटेपासून नऊपर्यंत तरुण मंडळी येतात. आम्ही जिना चढत असू तेव्हा त्यांच्यातले शेवटचे दोघे-तिघे आरशासमोर सदरा वर करून स्वतःचं पोट पाहत उभे असत. इतक्या निष्ठेने मी माझे नकाशेसुद्धा कधी पाहिले नाहीत. ते गेले की नऊची आमची बॅच. आम्ही अकराजण, सगळे साठीच्या पुढचे: एक निवृत्त शिंपी, पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई, दोन सख्खे भाऊ जे एकमेकांशी बोलत नाहीत पण व्यायाम शेजारी उभे राहून करतात, आणि असेच बाकीचे.

आम्हाला शिकवायला एक बुटकी, तिशीतली मुलगी होती. सगळे तिला मॅडम म्हणत आणि ती सगळ्यांना काका-काकू म्हणे. तिच्याइतकं कमी बोलणारी बाई मी पाहिलेली नाही. पहिल्या दिवशी ती साडूंना म्हणाली, “काका, वजन नंतर. आधी फॉर्म.”

“तो भरून दिला की काउंटरवर,” साडू म्हणाले. “दोन फोटोंसकट.”

सगळे हसले. ती हसली नाही. फॉर्म म्हणजे उचलताना अंग कसं ठेवायचं ते, असं तिने समजावून सांगितलं. साडू म्हणाले, “कळतं हो मॅडम, गंमत केली.” ती गंमत नव्हती. मी शेजारी उभा होतो. सगळे हसेपर्यंत त्यांचा हात पाकिटाकडे गेलेला होता, पावती दाखवायला.

मग तिने विचारलं, पूर्वी किती वजन उचलायचात?

“चाळीस,” साडू म्हणाले. “तरुणपणी रोज. चाळीसच्या खाली हात लावला नाही. विचारा साडूभाऊंना.”

मी मान हलवली.

मॅडम रॅककडे गेली आणि तिने बोटाने एक जोडी दाखवली. एकेक डंबेल पाण्याच्या कळशीएवढं. दोन्हींवर चाळीसचा आकडा. साडू त्या जोडीकडे बघत राहिले. झालं होतं असं, की साडू दोन्ही हातांची बेरीज करत होते. उजव्यात वीस, डाव्यात वीस, झाले चाळीस. जिममध्ये अशी बेरीज कोणी करत नाही. एका हातात जे असेल तेच बोलायचं. पण चूक कबूल करणं त्यांच्या स्वभावात नाही. ते म्हणाले, “आज मूड नाही.”

तेव्हापासून शिंपी त्यांना चाळीस म्हणू लागला. “चाळीस आले का हो?” “आज चाळीस दिसले नाहीत.” साडूंना हे नाव मनापासून आवडलं. थट्टा आणि स्तुती यांतला फरक त्यांना कधी कळलेला नाही, आणि मला वाटतं यामुळेच त्यांची प्रकृती चांगली राहिली आहे.

मॅडमची एक पद्धत होती, तिच्यामुळे निम्मी बॅच तिच्यावर चिडून असे. ती बाजूला उभी राहून मोजायची, आणि फॉर्म बिघडला तर आकडा पुढे सरकत नसे. “एक. दोन. दोन. दोन. तीन.” तुम्ही घामाघूम होऊन सात वेळा उचललेलं असायचं आणि ती तीनवर असायची. ती कारण सांगत नसे. चिडून विचारलं तर म्हणे, “काका, कंबर,” नाहीतर “काका, कोपर.” बस. कोपर बरगडीपासून सुटू नये म्हणून ती आमच्या दोन्ही काखांत वर्तमानपत्राची घडी धरायला लावायची. घडी पडली की तो हात वाया. साडूंच्या पायाशी दहा मिनिटांत आठवड्याभराची रद्दी जमे.

मी पाच किलोवर सुरुवात केली. एका दमात आठ हात पुरे करायचे असत; पहिले अकरा दिवस माझे आठ कधी झालेच नाहीत. पण मला ती पद्धत आवडली. त्याचं कारण असं असावं, की मला आयुष्यात कोणी इतकं नीट तपासलं नव्हतं. बाजूला उभं राहणं का महत्त्वाचं आहे तेही मला हळूहळू कळलं. आरशात माणसाला स्वतःची छाती दिसते, दंड दिसतात, चेहरा दिसतो; पाठीचा बाक दिसत नाही. तो बाजूच्या माणसालाच दिसतो. साडू वर्षभर आरशात बघत होते आणि स्वतःवर खूश होते. मी बाजूला होतो. माझ्या बाजूने ते वाऱ्यात सापडलेल्या केळीसारखे दिसत.

वीस-वीसची जोडी ते उचलायचे, यात खोटं नाही. धिप्पाड माणूस आहे. पण ती उचलायची म्हणजे कमरेतून झोका देऊन वर फेकायची, वर एक क्षण डोळे मिटून विजयी उभं राहायचं आणि मग धाडकन खाली सोडायची. दहा किलो घ्या, सावकाश करा, असं मॅडमने शंभरदा सांगितलं असेल. ते म्हणत, “दहा काय, दहा तर आमची ही पिशवीतून आणते.” हे मात्र खरं होतं. ताईच आणत. साडूंनी कधी पिशवी उचललेली मी पाहिली नाही.

मॅडमचं लक्ष नसलं की ते इतरांना शिकवत. हा त्यांचा खरा छंद. “ताकद कमरेत असते, कमरेत!” असं म्हणून ते दुसऱ्याच्या कमरेला हात लावून झोका द्यायला शिकवायचे. शिंप्याचा खांदा त्यांच्या शिकवणीने महिनाभर धरला होता. फेब्रुवारीत त्यांनी पोस्टातल्या बाईंना धरलं. या बाईंची हाडं ठिसूळ झालेली, एक मनगट आधीच मोडून जुळलेलं. दोन-दोन किलोची डंबेल्स घेऊन त्या शहाण्या मुलीसारख्या हळूहळू करायच्या. साडूंनी त्यांच्या हातात सहाची जोडी दिली आणि म्हणाले, “घाबरायचं नाही. मागे झुका आणि फेका!” बाई मागे झुकल्या. मॅडम कशी धावली ते मी पाहिलं. तेव्हा तिला सातवा महिना होता. तिने बाईंच्या पाठीमागे हात लावला, डंबेल्स काढून घेतली आणि साडूंना इतकंच म्हणाली, “काका, या बाई पडल्या असत्या तर परत उठल्या नसत्या.”

“पडल्या कुठे?” साडू म्हणाले. “मी होतो ना.”

पुढच्या महिन्यात मॅडम बाळंतपणाच्या रजेवर जायची होती, तीन महिने. नऊच्या बॅचला नवं माणूस ठेवायची मालकाची तयारी नव्हती. तो म्हणाला, बॅचमधलाच कोणी जाणता माणूस असेल तर तीन महिने बघेल, नाहीतर बॅच बंद ठेवू. मॅडमने आम्हाला सांगितलं, “ज्याला घ्यायची असेल त्याने माझ्यासमोर आठ करून दाखवायचे. वजन तुमच्या मनाचं, फॉर्म माझ्या मनाचा.”

कोणीच पुढे आलं नाही. एक सोडून.

साडूंना ती बॅच किती हवी होती हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. जिममध्ये शिकवणाऱ्यांसाठी लाल रंगाचे टी-शर्ट असतात, पाठीवर ‘प्रशिक्षक’ लिहिलेले. साडू मालकाकडे जाऊन स्वतःचं माप देऊन आले होते. एक्सएलने भागणार नाही, पोटावर ताणतो, असंही सांगून आले होते. निवृत्तीनंतर चार वर्षं त्यांच्या हाताखाली कोणी नव्हतं. ताई होत्या, पण ताई आता ऐकून न ऐकल्यासारखं करायला शिकल्या होत्या. इथे दहा माणसं आयती मिळत होती. त्यांत पोस्टातल्या बाई होत्या, शिंप्याचा तो खांदा होता, आणि मी होतो. थोडक्यात, साडूंचे आठ झाले असते तर तीन महिने या सगळ्या म्हाताऱ्या कमरा त्यांच्या हातात जाणार होत्या.

मॅडम म्हणाली, “मोजायला मी बसते.”

“छे, छे!” साडू म्हणाले. “तुम्ही कशाला त्रास घेता अशा अवस्थेत? आमचे साडूभाऊ मोजतील. त्यांच्यासारखा सरळ माणूस नाही.”

मी काही बोलण्याआधीच सगळे हसले. मला कोणी मोजायला सांगितलं यातच विनोद होता.

मॅडमने माझ्याकडे पाहिलं. “चालेल,” ती म्हणाली. “काका बाजूला उभे राहतील. ते म्हणतील तो आकडा. मी मध्ये बोलणार नाही.”

त्या दिवशी जिना उतरताना साडूंनी माझ्या खांद्यावर हात टाकला. ते हात टाकतात म्हणजे आपला भार टाकतात. “आठ म्हणजे आठ हं, साडूभाऊ. उगाच त्या पोरीसारखं दोन-दोन-दोन करत बसू नका. तुम्हाला आठपर्यंत येतं ना?”

“येतं.”

“झालं तर मग.”

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, “अहो, म्हणून टाका आठ. तुमचं काय जातं? भाऊजी चार दिवस मिरवतील आणि कंटाळतील.”

“आणि त्या पोस्टातल्या बाई?”

“त्यांना मी सांगते, घरीच करा म्हणून.”

“सगळ्या बॅचला सांगशील?”

तिने परात बाजूला सारली. “ताईला तोंड मला दाखवायचंय,” म्हणाली. “तुम्हाला नाही.”

शनिवारी परीक्षा झाली. साडू नवे पांढरे बूट घालून आले होते. मॅडम स्टुलावर बसली, पोटावर हात ठेवून. तरुणांपैकीही काही जण मजा बघायला थांबले. संगीत बंद केलं गेलं. मला बाजूला, रॅकला टेकून उभं केलं. माझे हात रिकामे होते. ते मी मागे बांधले.

“बाराची घ्या काका,” मॅडम म्हणाली.

“बारा पोरीबाळींसाठी,” असं म्हणून साडूंनी वीसची जोडी उचलली आणि आरशातल्या स्वतःकडे बघून मान डोलावली.

आता एक चांगली गोष्ट सापडली आहे, ती लिहितो. पहिले तीन हात त्यांनी अप्रतिम केले. कोपरं बरगडीला चिकटलेली, पाठ ताठ, वजन सावकाश वर आणि तितकंच सावकाश खाली. इतके दिवस मी त्यांना हे येतच नाही असं समजत होतो. येत होतं. वर्षभर ते करत नव्हते, इतकंच. याचा मला त्या क्षणी जास्तच राग आला.

“एक,” मी म्हणालो. “दोन. तीन.” माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. शिंपी ओरडला, “मोठ्याने!”

चौथ्याला हात अर्ध्यावर थांबले. साडूंचं तोंड उघडलं. भुवया वर गेल्या. पोट पुढे आलं, कंबर मागे गेली, आणि डंबेल्स झोक्याने वर पोचली. त्यांनी डोळे मिटले.

“तीन,” मी म्हणालो.

त्यांनी डोळे उघडले. आरशातून माझ्याकडे बघितलं. माझं चुकलं असेल अशा समजुतीने ते जरासे हसलेसुद्धा, आणि पुन्हा झोका दिला.

“तीन.”

“अहो, पाच झाले!”

“तीन.”

कोणीतरी खुसखुसलं. साडूंचा चेहरा लाल झाला. “साडूभाऊ, नीट मोजा. चार तरी म्हणा!” असं म्हणत त्यांनी आणखी एकदा कमरेला हिसका दिला. या वेळी डंबेल्स खांद्यापर्यंतसुद्धा गेली नाहीत.

“तीन,” मी म्हणालो. आता मोठ्याने. एवढ्या मोठ्याने की स्वतःचा आवाज ऐकून मी दचकलो. ते दोघे अबोल भाऊ एकमेकांकडे बघून हसले, बहुधा कित्येक वर्षांत पहिल्यांदा.

साडूंनी डंबेल्स सोडून दिली. रबरावर दोन धक्के बसले. ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि मला नाही, सगळ्या जिमला उद्देशून म्हणाले, “यांना कधीपासून बोलता यायला लागलं?”

मॅडम स्टुलावरून हळूच उठली. “तीन,” ती म्हणाली. “दुसरं कोणी आहे का?”

दुसरं कोणी नव्हतं. मालकाने सोमवारपासून बॅच बंद ठेवली.

जिना उतरताना मला वाटलं होतं, निदान एखादा तरी काही बरं बोलेल. शिंपी म्हणाला, “शाबास हो. तुमच्या खरेपणापायी आमची सकाळ गेली. आता घरी बसून सुनेचं तोंड बघायचं.” ज्याचा खांदा साडूंनी महिनाभर बिघडवला तोच हा शिंपी. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, “मजा येत होती हो चाळीसमुळे. तुम्ही जरा आवळूनच मोजलंत.” मी त्यांच्या मनगटाकडे पाहिलं आणि बाजूने पुढे निघून गेलो. वाचवायला जावं असे लोक फार थोडे असतात, हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं.

घरी बायको दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. मी स्वतःलाच विचारत होतो, चौथा खरंच इतका वाईट होता का? एखादी सवलत देता आली असती का? मॅडमने कदाचित दिली असती? नकाशा असता तर पुन्हा उलगडून बघता आला असता. हे एकदाच झालं आणि गेलं.

सोमवारी सकाळी ताईंचा फोन आला. बायकोने उचलला, ऐकलं आणि माझ्या हातात दिला.

“भाऊजी,” ताई म्हणाल्या, “खरंच तीनच झाले?”

“तीनच, ताई. मला माफ—”

“इथे मला सांगितलंय, नऊ झाले आणि तुम्हाला ऐकू कमी येतं.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“बरं, ते राहू दे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही जरा येता का? काल दुपारपासून खुर्चीत बसलेत. पेपर वाचतोय म्हणतात. तोच पेपर आहे कालपासून. जेवण तिथेच, रात्रही तिथेच काढली. मी हात लावला तर ओरडतात. डॉक्टर संध्याकाळी येतो म्हणालेत, पण तोवर बाथरूमला तरी न्यायला हवं ना? माझ्याने ते उचलवत नाहीत.”

मी गेलो. साडू खिडकीजवळच्या खोल खुर्चीत होते, चेहऱ्यासमोर पेपर. मला बघून म्हणाले, “या, मोजणारे आले. खुर्च्या मोजायच्यात का आमच्या?”

“पाठ धरली आहे का?”

“पाठ? कुठे? बसलोय आरामात.” आणि एवढं बोलताना ते अर्धा इंच हलले, तर तोंडातून असा आवाज निघाला की ताईंनी स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं.

पायांना मुंग्या वगैरे येत नाहीत ना, एवढं मी विचारून घेतलं. मग त्यांचा पेपर घेऊन बाजूला ठेवला. खुर्चीच्या जवळ गेलो, पायांत अंतर घेतलं, गुडघे वाकवले, पाठ ताठ ठेवली. “हात माझ्या खांद्यावर. गळ्यात नाही. पाय आपल्याकडे ओढून घ्या. मी उठा म्हटलं की पायांनी उठायचं, कमरेने नाही. झोका द्यायचा नाही.”

“मला शिकवता?”

“हो.”

त्यांनी हात माझ्या खांद्यावर ठेवले. त्र्याण्णव किलोंचा माणूस. इतक्या जवळून मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं; त्यांच्या कानांत केस वाढले होते आणि डोळे घाबरलेले होते. “सोडू नका हं,” ते हळू आवाजात म्हणाले. ते बोलल्याचं ऐकू आलं नाही, असं मी दाखवलं. “उठा,” म्हणालो, आणि पायांवर भार घेऊन सावकाश वर आलो. ते माझ्याबरोबर वर आले. माझी कोपरं अंगापासून सुटली नाहीत.

साडू उभे राहिले. एक हात भिंतीला लावून त्यांनी दोनदा श्वास घेतला, कपाळावरचा घाम पुसला आणि ताईंकडे वळले. “बघितलंस? उठलो की नाही माझा मी? साडूभाऊंनी नुसता हात लावला.”

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. “काय हो भाऊजी? मोजणीत धरायचं का हे?”

“नाही,” मी म्हणालो.

“काय नाही?” साडूंनी विचारलं. “काय धरायचं नाही?”

ताई बाथरूमचं दार उघडायला पुढे गेल्या, आणि मी साडूंना पोट आत घ्यायला सांगितलं.